इम्पेरिया प्रांतातील जुनी गावे: आई-बाबांसोबत पाच दिवस कसे बेतावेत?

सांगलीकर_श्टुटगार्ट:

सप्टेंबरच्या अखेरीस आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे येत आहेत. रोम आणि फ्लॉरेन्स त्यांनी पूर्वीच एका सहल कंपनीबरोबर पाहिले आहे. बसमधून उतरायचे, छत्री उंचावलेल्या मार्गदर्शकामागे धावायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, यात एकही गाव म्हणून पाहायला मिळाले नाही, अशी बाबांची त्या सहलीविषयीची तक्रार आजही कायम आहे. म्हणून या वेळी आम्ही इटलीच्या वायव्य टोकाला, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेला लिगुरियातील इम्पेरिया प्रांत निवडला आहे. एकाच दिवसात समुद्रही दिसावा आणि डोंगरावरील जुने गावही पाहून व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या यादीत सध्या सानरेमो, दोल्चेआक्वा, आप्रिकाले, पेरिनाल्दो, ताज्जा, बुस्साना वेक्किया, त्रिओरा आणि चेर्वो अशी आठ नावे आहेत आणि मुक्काम पाच रात्रींचा आहे. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. त्यांना सपाटीवर तासभर चालता येते, परंतु पायऱ्या उतरताना त्रास होतो. आई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. मुक्काम कोठे करावा, मोटार भाड्याने घ्यावी की आगगाडी आणि बसवर भागेल, आणि या यादीतील काय गाळावे, याविषयी प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

मिलानवासी:

आपली यादी वाईट नाही, पण ती नकाशा पाहून केलेली दिसते. या प्रांतात डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि दऱ्या एकमेकींना समांतर आहेत, त्यामुळे नकाशावर बोटभर अंतरावर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये जाण्यासाठी अनेकदा खाली किनाऱ्यापर्यंत येऊन पुन्हा दुसरी दरी चढावी लागते. म्हणून एका दिवशी एकच दरी, हा हिशेब ठेवा. नेर्विया दरीत दोल्चेआक्वा आणि आप्रिकाले एका दिवशी होतात. आर्जेंतिना दरीच्या तोंडाशी ताज्जा आहे आणि वरच्या टोकाकडे त्रिओरा.

दोल्चेआक्वाचे दोन भाग आहेत. किल्ल्याखालचा जुना भाग ‘तेर्रा’ म्हणून ओळखला जातो आणि नदीपलीकडचा नवा भाग ‘बोर्गो’ म्हणून. या दोहोंना जोडणारा पंधराव्या शतकातील दगडी पूल एकाच कमानीचा असून तिचा गाळा ३३ मीटरांचा आहे. क्लोद मोने हा चित्रकार १८८४ मध्ये जवळच्या बोर्दिगेरा येथे तीन आठवड्यांसाठी म्हणून आला आणि जवळजवळ तीन महिने राहिला, त्या काळात त्याने हा पूल आणि वरचा डोरिया घराण्याचा किल्ला रंगवला. आपल्या वडिलांनी किल्ल्यापर्यंत चढलेच पाहिजे असे नाही, कारण खरे दृश्य नदीच्या बोर्गोकडील काठावरूनच दिसते आणि तेथे बसायला जागाही आहे. आपण मात्र तेर्रातील गल्ल्यांमधून एक फेरी मारावी. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की भर दुपारी दिवा लागावा असे वाटते. समोरासमोरच्या घरांच्या भिंतींमध्ये डोक्यावर छोट्या कमानी बांधलेल्या दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत, भूकंपात घरांनी एकमेकांना आधार द्यावा यासाठी आहेत.

मुक्काम सानरेमोला करावा असे अनेक जण सांगतील. माझ्या मते आपल्या बेतासाठी बोर्दिगेरा किंवा वेंतिमीलिया अधिक सोयीचे आहे. वेंतिमीलियाहून दोल्चेआक्वाकडे जाणारी बस मिळते, नीसचा विमानतळ जिनोव्हाच्या विमानतळापेक्षा जवळ पडतो आणि नीस-वेंतिमीलिया हा आगगाडीचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसांत सीमेवर नेहमीची पारपत्र तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असले तरी फ्रान्सकडे जाणाऱ्या गाडीत पोलीस तपासणी होते, तेव्हा पारपत्रे हॉटेलात ठेवून निघू नका.

डोंगरवाट:

मी मात्र सानरेमोच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण बाबांचा गुडघा हेच आहे. किनाऱ्यालगतचा जुना लोहमार्ग डोंगराच्या आत हलवल्यानंतर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर ओस्पेदालेत्तीपासून सान लोरेंत्सो आल मारेपर्यंत सुमारे २४ किलोमीटरांचा सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग झाला आहे. आगगाडीचा मार्ग असल्याने त्याला चढ जवळजवळ नाही. सकाळी तासभर समुद्राकाठी सपाटीवर चालायचे आणि दुपारनंतर गाव पाहायचे, असा दिवस बाबांना नक्की आवडेल. फक्त एक ध्यानात ठेवा, सानरेमोचे आताचे स्थानक भुयारी आहे आणि फलाटापासून बाहेर येईपर्यंत लांबलचक बोगद्यातून चालावे लागते. सामान घेऊन गाडी पकडायची असेल तर पंधरा मिनिटे हाताशी ठेवूनच निघा.

याच कारणाने जुन्या प्रवासपुस्तिकांवर विसंबू नका. डिसेंबर २०१६ मध्ये सान लोरेंत्सो ते आंदोरा हा टप्पाही आत हलवला गेला आणि चेर्वोचे किनाऱ्यावरील स्थानक बंद झाले. आता दियानो किंवा आंदोरा येथे उतरून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते.

त्रिओराविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे ७८० मीटर उंचीवरील हे गाव कधीकाळी जिनोव्हा प्रजासत्ताकाचे धान्यकोठार मानले जात असे. १५८७ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्याचे खापर गावातील काही स्त्रियांवर फोडले गेले, त्यांना चेटकिणी ठरवून छळ करण्यात आला, काहींना जिनोव्हाला कैदेत नेले आणि त्यांतील काही तेथेच मरण पावल्या. आज गावात याच विषयावरचे संग्रहालय आहे आणि दुकानांतून झाडूवर बसलेल्या बाहुल्या विकल्या जातात. संग्रहालयातील खटल्यांची माहिती वाचून बाहेर पडल्यावर त्या बाहुल्या मला सहन झाल्या नाहीत, हे माझे वैयक्तिक मत. गाव मात्र पाहण्याजोगे आहे आणि तेथील मोठा, जाड सालीचा पाव जरूर घ्या.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे आपली होणार नाही. बसच्या वेळापत्रकावर ‘फेरियाले’ आणि ‘फेस्तिवो’ असे दोन रकाने असतात. ‘फेरिए’ म्हणजे सुट्ट्या एवढे इटालियन मला येत होते, त्या जोरावर ‘फेरियाले’ म्हणजे सुट्टीचा दिवस असे मी धरून चाललो. अर्थ नेमका उलटा आहे. फेरियाले म्हणजे सोमवार ते शनिवार, आणि फेस्तिवो म्हणजे रविवार व सणाचे दिवस. रविवारी संध्याकाळी त्रिओराच्या थांब्यावर मी पाऊण तास उभा होतो. समोरच्या घरातील आजींनी खिडकीतून बोट हलवून ‘नाही, नाही’ अशी खूण केली तेव्हा कोठे उलगडा झाला. शेवटी खालून टॅक्सी मागवावी लागली.

जिनोव्हाहून:

आईंच्या जेवणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. लिगुरियात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, परंतु विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. ‘सार्देनायरा’ दिसायला टोमॅटोची साधी जाड रोटी वाटते, पण तिच्यात अँचोवी मासा असतो. पेस्तो या तुळशीवर्गीय पानांच्या चटणीतील चीज बहुधा वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने, विरजलेले असते, आईंना ते चालते का, हे आधीच विचारून ठेवा. ताज्या पास्त्यात अनेकदा अंडे असते, वाळवलेल्या पास्त्यात सहसा नसते.

निर्धास्तपणे खाता येईल असा पदार्थ म्हणजे फारिनाता. काबुली चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच त्यात असते. धिरड्याच्या पिठाहून पातळ कालवलेले हे पीठ तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करकरीत आणि मध्ये मऊ असा गरम तुकडा कागदावर घालून देतात. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेऊन ‘यात ओवा आणि मिरची राहिली’ असा निकाल दिला आणि दुसरा तुकडा मागितला.

दुसरी गोष्ट दुपारची. साडेबाराच्या सुमारास दुकाने आणि बरीचशी चर्चे बंद होतात, ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. एकनंतर आप्रिकालेला पोहोचलात तर गाव सुंदर दिसेल, पण प्रत्येक दार बंद असेल.

सांगलीकर_श्टुटगार्ट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादीतून पेरिनाल्दो गाळले. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक असल्याने, १६२५ मध्ये तेथे जन्मलेल्या आणि शनीच्या कड्यांमधील फट शोधणाऱ्या कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाचे नाव ऐकून ते हळहळले. मुक्काम सानरेमोला ठरवत आहे. आता प्रश्न एकच उरला: बुस्साना वेक्किया आणि ताज्जा यांपैकी एकासाठीच अर्धा दिवस आहे.

डोंगरवाट:

ताज्जा. बुस्सानाची कथा मोठी आहे. २३ फेब्रुवारी १८८७ च्या पहाटेच्या भूकंपात ते गाव कोसळले, वाचलेल्यांनी खाली नवे गाव वसवले, आणि १९६० च्या आसपास कलाकार येऊन पडक्या घरांत राहू लागले. छप्पर नसलेले चर्च पाहून माणूस गप्प होतो. परंतु तेथील वाट चढाची आणि खडबडीत आहे. ती बाबांना झेपणार नाही.

ताज्जाला स्थानक गावाच्या जवळ आहे, वाट बरीचशी सपाट आहे आणि आर्जेंतिना नदीवरील १६ कमानींचा जुना पूल सावकाश चालत ओलांडता येतो. सान दोमेनिको मठात लुदोविको ब्रेआची चित्रे आहेत, मठ दुपारी बंद असतो म्हणून सकाळीच जा. काळी, बारकी ताज्जास्का ऑलिव्ह याच गावाच्या नावाने ओळखली जातात. परतताना त्यांची एक बरणी घ्या, मात्र विमानाने परत जाणार असाल तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नका, खारे पाणी असल्याने सुरक्षा तपासणीत काढून घेतात.