लकव्याच्या पेशंटसमोर रोबो बसवावा का?

कृष्णाकाठ: लकव्यानंतर हात परत यायचा तर एकच हालचाल रोज शेकड्यांनी व्हायला हवी. लँग या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिका-कॅनडातली उपचारसत्रं पाहून मोजलं, तर हाताच्या कामाच्या हालचाली सत्राला सरासरी ३२च भरल्या. सांगली-मिरजेत एका फिजिओकडं दहा पेशंट असले तर मोजत कोण बसणार? पेशंटला हात न लावता समोर बसून करून दाखवणारा, मोजणारा, ‘अजून पाच’ म्हणणारा रोबो तिथं कामाचा. उपचारकेंद्रांनी एक तरी घ्यावा.

मिरजेचा फिजिओ: विरोध. नाओ नावाच्या माणसासारख्या छोट्या रोबोचंच उदाहरण घेऊ. ५८ सेंटिमीटरचा हा रोबो खांदा फिरवतो, कोपर वाकवतो. मनगट मात्र नुसतं गोल वळतं, वर उचलता येत नाही. बोटं तीन, तीही एकाच मोटरवर, सगळी मिळून उघडमीट. लकव्यात घोडं अडतं ते तिथंच, मनगट उचलण्यात आणि चिमटीत. कप कसा धरायचा हे तो दाखवूच शकत नाही. बॅटरी तास-दीड तास. हात बराच वेळ वर धरला की मोटर तापते आणि हात ढिला पडतो. त्यात तो बनवणारी कंपनी २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली. सुटे भाग कुठून आणणार?

कृष्णाकाठ: मनगटाचं मान्य. मग खांदा-कोपरापुरताच वापरा. त्याला मराठी येत नाही, तेव्हा वाक्यं आधीच रेकॉर्ड करायची, इकडच्या बोलीत: ‘हळूच वर घ्या बघू.’ वाचा गेलेल्या पेशंटकडून बोलून उत्तर मागायचं नाही. डोक्यावर स्पर्शाचा सेन्सर आहे, टपली मारली की थांबेल असं बसवायचं.

सर्किटवाला: दोघंही खरी मेख सोडताय. रोबो ‘शाब्बास’ कशाला म्हणतो? कॅमेरा नुसती मनगटाची उंची बघत असेल, तर पेशंट खांदा उचलून, धड मागं कलवून तीच उंची गाठतो. शाब्बासकी मिळते आणि चुकीची सवय पक्की होते. छातीभोवती रुंद पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधा, आणि प्रोग्रॅममध्ये धडाचा कलही मोजा. कल जास्त असेल तर ती हालचाल गिनतीत धरायची नाही. पदर खांद्यावरून सुटला असेल तर कॅमेऱ्याला कोपर सापडत नाही, तो खोचून घ्यायचा. पेशंटची पाठ खिडकीकडं नको, सगळं काळं दिसतं. डाव्या बाजूचं भानच गेलेला पेशंट असेल, तर रोबो आधी उजवीकडं ठेवून रोज थोडा डावीकडं सरकवायचा.

मिरजेचा फिजिओ: पट्टा, पदर, खिडकी बघायला माणूस लागणारच, मग वाचलं काय? लांबच्या जत-आटपाडीहून रोज कोण येतंय? त्यापेक्षा पेशंटचं धड कलतंय का, हे बघायला घरच्यांना शिकवा. शंभर चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकायचे. मोजणी आपोआप, चिमटीही होते.

कृष्णाकाठ: चिंचोके बोटं हलणाऱ्याला. ज्याचा नुसता खांदाच हलतोय, त्यानं काय करायचं? आणि घरची माणसंही काही आठवड्यांत कंटाळतातच.

सर्किटवाला: रोबोचं नवलही तसंच ओसरतं. तेच ‘शाब्बास’ शंभरदा ऐकलं की पेशंट आवाज बंद करायला सांगतो. दर आठवड्याला वाक्यं आणि व्यायाम बदलायला तासभर कोण देणार, त्याचं नाव आधी लिहून घ्या. मग कोटेशन मागवा.