मोठी इमारत म्हंजे निस्ती उंच का? "मराठवाड्यात काहीच नाही" म्हणणाऱ्याला उत्तर

वेरूळचा_भाऊ: काल एकानं बुर्ज खलिफाचा फोटो टाकला अन् खाली लिहिलं, "जगातली सर्वात मोठी इमारत. आपल्या मराठवाड्यात दाखवायला एक धड बिल्डिंग नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहायलोय. बुर्ज खलिफा सर्वात उंच आहे, 828 मीटर, ते कोण नाकारायलंय? पण मोठी म्हणताना मोजायलाव काय? आतली पोकळी मोजा, मग अमेरिकेतला एव्हरेटचा बोइंगचा कारखाना पहिला येतो, 1 कोटी 33 लाख घनमीटर, 747 विमानासाठी 1967 ला सुरू झाला. सगळ्या मजल्यांची जागा मोजा, तर चीनमधल्या चेंगडूचं न्यू सेंच्युरी ग्लोबल सेंटर, 17 लाख चौरस मीटर. वजन धरलं तर रोमानियातल्या बुखारेस्टचं संसद भवन. आणि मराठवाड्यात काही नाही म्हणताना वेरूळचा कैलास डोळ्याआड कसा काय झाला? आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, अख्खा डोंगर कळसापासून खाली फोडत आणलाय.

नांदेडचा_सिव्हिलवाला: बाकी पटलं, कैलास नाही. ती इमारत नाहीच, ते शिल्प आहे. दगडावर दगड ठेवलाय का कुठं? आणि आकाराचंच म्हणाल तर हिशोब करा. डोंगरात खोदलेला तो खड्डा साधारण 276 फूट लांब, 154 रुंद, मागच्या बाजूला 107 फूट खोल. सगळा गुणाकार केला तरी 45 लाख घनफूट. एव्हरेट 47 कोटी घनफुटांच्या वर. शंभर पटीचा फरक आहे भाऊ, अभिमान ठेवा पण आकडे पण ठेवा.

वेरूळचा_भाऊ: आकारात शंभर पट, मान्य करतो. पण तिथं क्रेन होती, इथं छिन्नी-हातोडा. आणि छत आहे, खांब आहेत, आत माणूस जातो, पूजा होत होती, अजून इमारत कशाला म्हणतात?

सुरतला_असतो: लांब कशाला जायलाव, सुरतचं डायमंड बोर्स बघा, हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसांची इमारत, 2023 च्या डिसेंबरात उद्घाटन झालं, 67 लाख चौरस फूट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटागॉनला मागं टाकलं. ऑफिसच्या इमारतींत पहिला नंबर आपल्या देशाचा. चेंगडूचं मोठं आहे पण त्यात मॉल, हॉटेल सगळं धरलंय.

परभणीची_काहिली: मोठ्या बिल्डिंगी घेऊन करायचंय काय, आधी राहता येईल अशा बांधा. संभाजीनगरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, वर थेट स्लॅब. मे महिन्यात रात्री 12 ला भिंतीला हात लावला तर चटका बसतो, पोरगी ओली चादर अंगावर घेऊन झोपती. आमच्या गावच्या घराला माळवद होतं, म्हंजे हातभर मातीचं छत, भर दुपारी आत गार. तुमच्या त्या एव्हरेटच्या कारखान्यात पण एसी नाही, गरम झालं की मोठाली दारं उघडतात. आम्हीच येडे, माळवदं पाडून स्लॅब टाकायलोत.

औसेकर: माळवदाचं कौतुक माझ्यासमोर करू नका. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप, पहाटे 4 वाजायच्या आत. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. माझी आजी भिंतीकडंला झोपलेली, दगडाची भिंत अन् वरची माती, दोन्ही तिच्या अंगावर. आई अन् मी मधल्या खणात, खांबांच्या मधल्या जागेत होतो म्हणून वाचलो. गारवा हवाय म्हणं.

परभणीची_काहिली: तुमच्या घरचं दुःख मला कळतं, पण म्हणून आम्ही उन्हात भाजून मरायचं का? उष्माघातानं पण माणसं जातात.

औसेकर: कळतं म्हणायलाव अन् पुढच्याच वाक्यात विसरायलाव. ढिगारा उपसलाय का कधी हातानं?

नांदेडचा_सिव्हिलवाला: दोघंबी थांबा जरा. दर पावसाळ्याआधी लोक वर नवी पांढरी माती टाकायचे, जुनी काढायचं कोणी नाव घ्यायचं नाही, वजन वाढतच गेलं. आणि भिंत म्हंजे दोन्हीकडून गोटे, मधी चिखल, आरपार जाणारा दगडच नाही. हलली की पोट फुटून सुटी झाली. पण औसेकर, राग मानू नका, तुम्ही मधल्या खणात वाचलाव ते लाकडी खांबांमुळं. किल्लारीकडं खणाची घरं बरीच अशी होती की भिंती पडल्या पण खांबांनी माळवद धरून ठेवलं. दोष निस्त्या मातीचा नाही, भिंतीचा जास्त.

औसेकर: मला शिकवू नका.

वेरूळचा_भाऊ: धागा मोठ्या इमारतींचा होता, मी परत आठवण करून देतो.

परभणीची_काहिली: ज्या घरात माणूस जगतो का मरतो ते ठरतं, ते मला एव्हरेटपेक्षा मोठं आहे, राहू द्या चालू.

औसेकर: दोन तास झाले ते खांबांचं डोक्यातनं जाईना. आई पण तेच म्हणायची, खांबांनी वाचवलं, मी कधी ऐकून घेतलं नाही. बरोबर असेल तुमचं. तरी मी माळवदाखाली झोपणार नाही.

नांदेडचा_सिव्हिलवाला: झोपू नका, कोणी सांगत पण नाही. खांब कशाचे होते, सागाचे का बाभळीचे?

औसेकर: सागाचे. दोन निघाले ढिगाऱ्यातनं. नव्या घराच्या ओसरीला लावलेत.