रेनकव्हर पुरेसे नाही
पावसाळी ट्रेकला सॅकवर रेनकव्हर घातले की छोटी सॅक आतून कोरडी राहते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि सह्याद्रीतल्या पावसात पाठीवरून ओघळणारे पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून हळूहळू आत झिरपते. जुलैमध्ये राजगडाच्या चोरदरवाजाने उतरलो, तेव्हा माझ्या २० लिटरच्या सॅकच्या कव्हरमध्ये तळाशी ओंजळभर पाणी साचले होते आणि आतला सुका शर्ट पिळावा लागला. आता सामान आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तिच्या तोंडाला पीळ देऊन, मगच सॅकमध्ये ठेवतो.

हलक्या सॅकच्या कापडाला आतून बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमटपणात तो कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून पुण्यात परतल्यावर सॅक उलटी करून पंख्याखाली पूर्ण वाळवावी; ओलसर असताना माळ्यावर टाकू नये.