शब्दचर्चा: 'इट वॉज इन्फॉर्म्ड दॅट...' चालतं का?

पाटीपेन्सिल

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त इंग्रजीत लिहिलंय आणि ते नजरेखालून घालायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दर दोन ओळींनी 'इट वॉज अमुक दॅट'. त्यातली ही चार वाक्यं बघा:

'इट वॉज रिझॉल्व्ह्ड दॅट द लिफ्ट बी रिपेअर्ड.'
'इट वॉज इन्फॉर्म्ड दॅट द टँकर रेट्स हॅव गॉन अप.'
'इट वॉज टोल्ड दॅट द वॉचमन इज ऑन लीव्ह.'
'द टेरेस वॉज डिसायडेड टु बी वॉटरप्रूफ्ड.'

पहिलं कानाला बरं वाटतं. बाकीची तीन खटकतात, पण का ते सांगता येत नाही. आमचे खजिनदार म्हणतात, रिझॉल्व्ह्ड चालतं तर इन्फॉर्म्डने काय घोडं मारलंय?

कडुनिंब

खजिनदारांची शंका रास्त आहे. उत्तर क्रियापदाच्या कर्मात आहे.

'रिझॉल्व्ह' म्हणजे ठराव करणे. काय ठरवलं? लिफ्ट दुरुस्त करायचं. म्हणजे 'दॅट'पासून पुढचं अख्खं वाक्य हेच कर्म. कर्मणी प्रयोगात हे कर्म वाक्याच्या सुरुवातीला यायला हवं. पण 'दॅट द लिफ्ट बी रिपेअर्ड वॉज रिझॉल्व्ह्ड' असं कोणी लिहीत नाही. व्याकरणात बसतं, पण सुरुवातीलाच एवढं ओझं इंग्रजीला पेलवत नाही. मग ते वाक्य शेवटी ढकलायचं आणि पुढची जागा मोकळी राहू नये म्हणून तिथे 'इट' ठेवायचं. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. या 'इट'ला स्वतःचा अर्थ काही नाही.

'इन्फॉर्म'चं कर्म मात्र माणूस. कोणाला कळवलं? सभासदांना. बातमी त्यांच्या मागून येते. त्यामुळे प्रयोग बदलला की पुढच्या जागेवर सभासद येऊन बसतात: 'द मेंबर्स वेअर इन्फॉर्म्ड दॅट द टँकर रेट्स हॅड गॉन अप.' रुमाल टाकायला जागाच उरत नाही. 'टेल'चं तेच. 'अश्युअर', 'रिमाइंड', 'कन्व्हिन्स' हीही त्याच पंगतीतली.

'से', 'स्टेट', 'अनाउन्स', 'एक्सप्लेन', 'मेन्शन', 'पॉइंट आउट' यांचं बरोबर उलट. त्यांना माणूस थेट कर्म म्हणून चालत नाही, तो 'टु' घेऊन येतो. म्हणून 'इट वॉज एक्सप्लेन्ड टु द मेंबर्स दॅट' बिनधास्त लिहा. आणि ऐकणारे कोण हे सांगायची गरजच नसेल तर 'इट वॉज स्टेटेड दॅट' पुरे. तुमच्या टँकरच्या वाक्याला तेच सोयीचं.

अधोरेखित

कडुनिंब यांच्याशी सहमत, पण ही चूक येते कुठून तेही बघायला हवं. माझ्या मते ती इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही, मराठी पक्कं असल्यामुळे होते.

'टँकरचे दर वाढल्याचे कळविण्यात आले.' 'वॉचमन रजेवर असल्याचे सांगण्यात आले.' दोन्ही वाक्यं एकदम शुद्ध. आपल्याकडे ज्याला कळवायचं तो माणूस 'ला/ना' लावून बाजूला उभा असतो. 'सभासदांना' हा शब्द ठेवा नाहीतर गाळा, वाक्याला धक्का लागत नाही. इंग्रजीत 'इन्फॉर्म' आणि 'टेल' यांच्याजवळचा माणूस असा सहज गाळता येत नाही. म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याने मनात मराठी वाक्य तयार केलं आणि त्याचा एकेक शब्द उचलून ठेवला.

ताकभात

एक मिनिट. सरकारी राजपत्रात 'इट इज हिअरबाय नोटिफाइड फॉर जनरल इन्फर्मेशन दॅट' असतं की! 'नोटिफाय' म्हणजेही कळवणंच ना? मग सरकार चुकतंय?

कडुनिंब

@ताकभात, चांगलं पकडलंत. पण तिथे 'नोटिफाय' हे 'जाहीर करणे' या अर्थी आहे, अधिसूचना काढणे. जाहीर करायची ती गोष्ट, तेव्हा कर्मही तीच आणि 'इट' बरोबर. आपण रोज 'आय विल नोटिफाय यू' म्हणतो त्यात कर्म माणूस. एकाच क्रियापदाच्या दोन चाली आहेत. सोसायटीने राजपत्राचा थाट आणू नये, एवढंच.

आता गच्चीचं वाक्य. 'द टेरेस वॉज डिसायडेड टु बी वॉटरप्रूफ्ड' ही वेगळ्या जातीची चूक आहे. इंग्रजीत दोन साचे आहेत: 'इट इज सेड दॅट ही इज रिच' आणि 'ही इज सेड टु बी रिच'. दुसऱ्यात आतल्या वाक्यातला कर्ता उचलून पुढे आणला. 'से', 'थिंक', 'बिलीव्ह', 'नो', 'रिपोर्ट', 'अलेज', 'एक्स्पेक्ट' यांना दोन्ही साचे चालतात. 'डिसाइड'ला दुसरा चालत नाही. गच्ची पुढे आणता येणार नाही, 'इट वॉज डिसायडेड टु वॉटरप्रूफ द टेरेस' असंच म्हणावं लागेल.

कोणाला काय चालतं याला ठोस नियम नाही, क्रियापदागणिक पाठ करावं लागतं. गंमत बघा: 'ही इज सेड टु बी रिच' चालतं, पण कर्तरीत 'दे से हिम टु बी रिच' अजिबात नाही. 'होप' घ्या. 'इट इज होप्ड दॅट ही विल कम' ठीक, 'ही इज होप्ड टु कम' नाही. आणि 'एक्स्पेक्ट'ला मात्र दोन्ही मोकळं! 'रूमर' तर आजच्या इंग्रजीत कर्मणीतच जगतं. 'इट इज रूमर्ड' आणि 'ही इज रूमर्ड टु' दोन्ही आहेत, पण 'आय रूमर' म्हणणारा भेटायचा नाही. अफवा पसरवणारा कधीच सापडत नाही, त्याला व्याकरणाचीही साथ.

'सपोज'पासून सावध राहा. 'इट इज सपोज्ड दॅट ही पेज' म्हणजे तो पैसे भरतो असा समज आहे. 'ही इज सपोज्ड टु पे' म्हणजे सहसा त्याने भरायला हवेत. थकबाकीदाराच्या बाबतीत हा फरक महागात पडेल.

अधोरेखित

'बी रिपेअर्ड' बद्दल कोणी विचारलं नाही, पण खजिनदार विचारतील. तिथे 'इज' नको. 'रिझॉल्व्ह', 'रेकमेंड', 'प्रपोज', 'रिक्वेस्ट' यांच्यामागे जे व्हावं असं म्हणायचं ते नुसत्या मूळ रूपात येतं. ब्रिटिश वळणाचं लिहायचं असेल तर 'शुड बी रिपेअर्ड'. मराठीत हे काम 'करावी' मधला 'वा' करतो: 'लिफ्ट दुरुस्त करावी असा ठराव झाला.'

ताकभात

मी बातम्यांची भाषांतरं करते, तेव्हा माझी अडचण उलट्या बाजूची. प्रत्येक 'इट इज सेड दॅट'ला 'असे म्हटले जाते की' चिकटवायची सवय लागलीय लोकांना. वाचून कंटाळा येतो. दुसरं काय वापरता?

अधोरेखित

मुळात 'जाते'ची गरज किती वेळा असते? मराठीत कर्त्याला न विचारता चालणारी क्रियापदं मुबलक आहेत: कळणे, समजणे, ठरणे, दिसणे, वाटणे. 'इट वॉज डिसायडेड' म्हणजे 'असं ठरलं'. संपलं. 'असा निर्णय घेण्यात आला' हे ऑफिसने बोलायचं. 'इट इज अंडरस्टुड दॅट' म्हणजे 'असं समजतं', आणि इंग्रजी बातमीदारही ते याच अर्थी लिहितात: माहिती आहे, सांगणाऱ्याचं नाव देता येत नाही.

'की' सुद्धा दरवेळी नको. 'पूल बंद होणार असल्याचं सांगण्यात आलं' किंवा 'पूल बंद होणार, असं म्हणतात'. इंग्रजीला 'इट' लागतं कारण वाक्य मागे ढकलायचं असतं. आपलं वाक्य आधीच पुढे येऊन बसतं, मागाहून 'असं' येतं.

आणि 'म्हणे' विसरू नका. 'लिफ्ट म्हणे सोमवारी सुरू होणार.' दोन अक्षरांत ऐकीव बातमी आणि बोलणाऱ्याची शंका. फक्त बातमीत जपून. 'इट इज अलेज्ड दॅट' ला 'म्हणे' लावलंत तर तुम्ही आरोपाची खिल्ली उडवताय असं वाटेल. तिथे 'असा आरोप आहे', आणि शक्य तर कोणाचा ते लिहा. विकिपीडियावर इंग्रजी लेखात असं मोघम वाक्य दिसलं की संपादक त्याच्या शेपटीला 'बाय हूम?' अशी खूण लावून ठेवतात. आपल्या बातम्यांनाही लावायला हवी.

अवांतर: आपलं जुनं कर्मणी रूप '-इजे' प्रत्ययाचं होतं. कीजे, बोलिजे, म्हणिजे. ते गेलं, पण 'म्हणिजे'चं 'म्हणजे' होऊन राहिलं आणि 'पाहणे'चं 'पाहिजे' राहिलं. इंग्रजीत 'इट इज वॉन्टेड दॅट' म्हणता येत नाही, आपण मात्र हवं ते मागताना दिवसभर कर्मणीचीच जुनी खूण वापरतोय.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. खटकणारी तिन्ही वाक्यं दुरुस्त केली, खजिनदारांनाही रुमाल पटला. पण पान उलटलं तर पुढे हे: 'इट वॉज ऑपोज्ड दॅट पार्किंग चार्जेस बी इन्क्रीज्ड.' यात माणूस तर कर्म नाही. मग चालेल?

कडुनिंब

नाही. 'ऑपोज'च्या पुढे नाम लागतं, 'दॅट'चं वाक्य त्याला झेपतच नाही. 'द प्रपोजल टु इन्क्रीज पार्किंग चार्जेस वॉज ऑपोज्ड' करा. 'ऑब्जेक्ट'ला 'दॅट' चालतं, पण त्यामागे हरकतीचं कारण येतं: 'इट वॉज ऑब्जेक्टेड दॅट द चार्जेस वेअर ऑलरेडी हाय.' आणि विरोध कोणी केला ते 'बाय' लावून लिहा हो. ठरावापुढे सूचक-अनुमोदकांची नावं घालता, मग विरोध करणाऱ्यांनीच काय पाप केलंय?