‘चर्चची मूक संमती होती’ हे विधान तपासून पाहू

कुणी कुणी म्हणतात की अमेरिकेत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांच्या खुनांना गर्भपाताला विरोध करणाऱ्या चर्चची मूक संमती होती. हे सरसकट खरं नाही.

पॉल हिल हा प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा माजी पाळक. २९ जुलै १९९४ रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे त्याने गर्भपात करणारे डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांचे सोबती जेम्स बॅरेट यांना शॉटगनने मारलं. पण त्याला त्याच्या चर्चने आदल्या वर्षीच बहिष्कृत केलं होतं. त्याचा युक्तिवाद साधा होता: भ्रूण पूर्ण माणूस, म्हणून त्याला वाचवायला डॉक्टरला मारणं म्हणजे दुसऱ्याचा बचाव. न्यायालयाने हा बचाव मांडूच दिला नाही. २००३ मध्ये त्याचा मृत्युदंड अमलात आला.

सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या नैतिक प्रश्नांवरच्या आयोगाने १९९४ मध्येच जाहीरनामा काढून असे खून चूक ठरवले. खासगी माणसाला तलवार उचलायचा अधिकार नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या गर्भपात क्लिनिकांत गोळीबार झाल्यावर बॉस्टनचे कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल लॉ यांनी क्लिनिकबाहेरची निदर्शनं थांबवायला सांगितलं.

अडचण भाषेची आहे (आणि इथे टीकाकारांना मी अर्धे गुण देईन). गर्भपात म्हणजे ‘खून’, ‘हत्याकांड’ असं दर रविवारी ऐकवायचं आणि वर ‘पण हात उचलू नका’ म्हणायचं, तर मधली पायरी, म्हणजे खासगी माणसाला तो अधिकार का नाही, हे समजावून द्यावं लागतं. पुष्कळ व्यासपीठांवर ती गाळली जाते.

आणि गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर २००९ मध्ये मारले गेले ते कॅन्ससमधल्या विचिटातल्या त्यांच्या स्वतःच्या ल्युथरन चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला आलेल्यांचं स्वागत करताना. तेव्हा ‘चर्च’ म्हणजे नक्की कोणतं?