मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून रिकर्व्ह बो (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) डावीकडे मारतो, ब्रेस हाइटही (मुठीपासून दोरीचं अंतर) उतरली

प्रश्न (डिचोली)
बो ६८ इंची: २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग), मीडियम लिम्ब (वरखालचे वाकणारे हात), उजव्या हाताचा सेटअप. दोरी ८१२५ या कृत्रिम धाग्याची, १६ पदरी. ब्रेस हाइट २२ सेंमीवरून २१.२ वर आली आहे, बाण सुटताना आवाजही वाढलाय. १८ मीटरवर पिसांच्या बाणांचा पुंजका चार बोटं डावीकडे पडतो, बिनपिसांचा बाण त्याच्याही वीतभर डावीकडे. शेडमध्ये व्हाइस, बो स्क्वेअर (दोरीवर अडकवायची काटकोनी मोजपट्टी), ॲलन की आहेत. दोरी बदलू, प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगवाली पिन) स्प्रिंग सैल करू, की दमटपणाने लिम्बच बिघडले?

उत्तर (फोंडा)
स्प्रिंगला एवढ्यात हात लावू नका. हे दोन वेगळे दोष दिसतात.

ब्रेस हाइट उतरली तर बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि थोडा मऊ वागतो (जास्त वाकतो), म्हणजे उजव्या हाताच्या नेमबाजाचा बाण उजवीकडे सरकायला हवा. तुमचा डावीकडे जातोय, तोही बिनपिसांचा. म्हणजे बाण कडक वागतोय (कमी वाकतोय). प्लंजरची पिन अडकत असेल तर नेमकं असंच होतं.

आधी दोन गोष्टी तपासून सांगा. वरचा आणि खालचा टिलर (लिम्बच्या मुळापासून दोरीपर्यंतचं अंतर) मोजा. दोन्हींतला फरक पूर्वीइतकाच असेल तर लिम्ब बोल्ट जागेवर आहेत आणि दोष दोरीचा. फरक बदलला असेल तर बोल्टचं लॉक बघा. मग प्लंजरची पिन बोटाने दाबून सोडा, टपकन परत येते का पाहा.

प्रश्नकर्ता
टिलरचा फरक ४ मिमी, आधीइतकाच. पिन मात्र हळूहळू बाहेर येते.

उत्तर (फोंडा)
मग लिम्ब ठीक आहेत. प्लंजर खोलण्याआधी स्प्रिंगच्या स्क्रूची खूण मार्करने करा आणि पूर्ण बाहेर यायला किती फेरे लागतात ते लिहून ठेवा. पिन आणि नळीची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. तेल घालू नका. त्यावर धूळ बसते आणि आठवड्यात पिन पुन्हा चिकटते.

८१२५ पाणी पीत नाही, पण उतरवताना दोरीचे पीळ निसटतात, आणि चढवलेला बो उन्हात बंद गाडीत राहिला तर धागा कायमचा ताणला जातो. स्ट्रिंगर (दोरी चढवायचं-उतरवायचं साधन) लावून बो उतरवा, पाच-पाच पीळ देऊन मोजत २२ वर या. पीळ मधल्या सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्याच्या) वळणाच्याच दिशेने द्या, उलटे दिले तर सर्व्हिंग सैल होतं. नंतर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) स्क्वेअरने पुन्हा तपासा. सुरुवातीला काटकोनापेक्षा ९ ते १० मिमी वर ठेवा. बिनपिसांचा बाण पुंजक्याच्या खाली पडला तर पॉइंट थोडा खाली घ्या.

नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) पकडही बघा. चढवलेला बो आडवा धरा, दोरी वरच्या बाजूला नि जमिनीला समांतर ठेवा आणि बाण नॉकने दोरीला लटकवा. तो स्वतःच्या वजनाने पडू नये, पण शेजारी दोरीवर टिचकी मारली की सुटावा. टिचकीनेही सुटत नसेल तर सर्व्हिंग जाड आहे.

हे सगळं झाल्यावरच बिनपिसांची चाचणी घ्या. तरीही बाण डावीकडे गेला तर स्प्रिंग पाव फेरा सैल करा, मग पुन्हा पाव.

उत्तर (वास्को)
एक भर. आमच्या किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा रायझर एकमेकांना धरून बसतात. बो उतरवलेला असताना आधी लॉक स्क्रू सैल करा, बोल्ट काढून आटे पुसा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. परत लावताना मोजलेले फेरे तेच ठेवा.

केसमधला फोम ओल धरून ठेवतो. सरावानंतर बो पुसून तासभर पंख्याखाली ठेवा, मगच केसमध्ये. दोरीला मेण लावून कातड्याच्या तुकड्याने ती गरम होईपर्यंत घासा. सर्व्हिंगवर मेण नको. लिम्बच्या कडांवरून कापूस फिरवा. तंतू कुठे अडकले तर तिथे चीर असू शकते, तो बो अजिबात ओढू नका.

प्रश्नकर्ता
प्लंजर साफ झाला, नळीत हिरवट थर होता. ब्रेस हाइट २२. पुंजका मध्यावर आलाय, बिनपिसांचा बाण अजून दोन बोटं डावीकडे.

उत्तर (फोंडा)
१८ मीटरवर दोन बोटं म्हणजे पाव फेऱ्याचं काम. तेवढंच करा, साइट हलवू नका.