मदत हवी आहे: मुरुमाच्या मैदानावर मुलींना पेनल्टी कॉर्नर कसा शिकवावा?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुलींच्या हॉकी संघासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

जून २०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे झालेल्या महिलांच्या ज्युनिअर आशिया कपचा अंतिम सामना मी मुलींपुढे नेहमी उदाहरण म्हणून ठेवते. २१ वर्षांखालील भारतीय मुलींनी ही स्पर्धा तेव्हा प्रथमच जिंकली आणि त्या संघात आमच्याच जिल्ह्यातील वैष्णवी फाळके व ऋतुजा पिसाळ होत्या, त्यामुळे मुलींना तो विजय घरचाच वाटतो. साखळीत उझबेकिस्तानवर २२ गोल चढवणाऱ्या आपल्या संघाला कोरियाने २-२ असे बरोबरीत रोखले होते आणि अंतिम फेरीत गाठ पुन्हा कोरियाशीच पडली. अन्नूने २२ व्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोलकीपर असताना मिळणाऱ्या संधीवर) गोल केला, तीनच मिनिटांत कोरियाने बरोबरी साधली आणि ४१ व्या मिनिटाला नीलमने पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणाऱ्या संधीवर) केलेल्या गोलने २-१ असा निकाल लागला. भारताच्या दोन गोलांपैकी एकही मैदानी, म्हणजे चालू खेळातला, गोल नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तुल्यबळ संघ समोर असला की पेनल्टी कॉर्नरची तयारीच कामी येते, आणि आमचा संघ नेमका तिथेच कमी पडतो.

आमचे मैदान मुरुमाचे आहे. मैदानाच्या मागच्या रेषेवरून ढकललेला चेंडू डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाशी पोहोचण्याआधीच एखाद्या खड्यावर उडतो आणि अडवणाऱ्या मुलीच्या स्टिकवरून थेट नडगीवर बसतो. मुलींनी मोबाइलवर ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे फेकण्याची पद्धत) पाहिलेली असल्याने त्यांना तीच शिकायची आहे, पण अशा जमिनीवर चेंडू स्टिकला चिकटून ओढला जात नाही. अ‍ॅस्ट्रोटर्फवर सराव क्वचितच मिळतो. अशा स्थितीत ड्रॅग फ्लिकचा आग्रह धरावा की दुसरा मार्ग घ्यावा, आणि चेंडू सरळ यावा यासाठी काय करता येईल, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात बरीच वर्षे शालेय मुलांना हॉकी शिकवली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

ड्रॅग फ्लिक तूर्त बाजूला ठेवा. खडबडीत जमिनीवर ती शिकताना मुली कमरेतून नको तितके वाकतात, आणि ती सवय पुढे टर्फवर गेल्यावरही मोडत नाही. त्याऐवजी सरळ फटका शिकवा. पहिला प्रयत्न फटक्याचा असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे बॅकबोर्डपेक्षा (गोलच्या तळाशी असलेल्या फळीपेक्षा), उंच असता कामा नये. त्यामुळे बॅकबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत खडूने खुणा करून तेवढेच लक्ष्य द्यावे.

चेंडू अडवण्याबाबत एक गोष्ट मुलींना जरूर समजावून सांगा. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोल धरला जात नाही, परंतु तो तिथे पूर्ण थांबवलाच पाहिजे असे आजच्या नियमात नाही. उसळलेला चेंडू जागीच थांबवून ठेवण्याच्या धडपडीत वेळ जातो. अडवणाऱ्या मुलीने तो डीबाहेर नुसता मऊ हाताने घ्यावा आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे सरकवावा. तिने तो डीत आणून फटका मारावा. बचाव करणाऱ्या मुली धावत येतात त्या पहिल्या जागेकडे, त्यामुळे दुसऱ्या मुलीला क्षणभर मोकळीक मिळते.

चेंडू गोलखांबापासून १० मीटरवरून ढकलला जातो. तिथून डीच्या टोकापर्यंतचा एकच पट्टा निवडून तो रोज झाडावा, खडे वेचावेत, पाणी मारून रोलर फिरवावा आणि फक्कीने आखून घ्यावा. संपूर्ण मैदान सुधारणे शाळेच्या आवाक्यात नसते, हा पट्टा मात्र मुलीसुद्धा राखू शकतात. टर्फ मिळेल त्या दिवशी सामना खेळवण्यात वेळ न घालवता तो सगळा ढकलणे आणि अडवणे यांवर खर्च करा.

धागाकर्ती

आपले मनापासून आभार. पट्ट्याचे काम उद्यापासूनच सुरू करते. आणखी एक शंका आहे. बचावाच्या वेळी गोलरेषेमागे गोलकीपरसह पाच जणी असतात, पण आमच्याकडे चेहऱ्याचा मास्क एकच आहे. सराव कसा घ्यावा?

प्रतिसाद

मास्क सर्वांत आधी धावणाऱ्या मुलीला द्या, आणि बाकीचे मास्क येईपर्यंत त्या सरावात इतर कोणालाही फटक्याच्या रेषेत उभे करू नका. गोलकीपर, एक धावणारी आणि समोर आक्रमणाची पूर्ण फळी, एवढ्यावर सराव उत्तम होतो. नडगीचे पॅड आणि माउथगार्ड मात्र प्रत्येकीला हवेतच; त्यात तडजोड नको.